खाडी कोणाच्या नावावर?

बँकेतील अडतीस वर्षांच्या नोकरीने मला एक सवय लावली. कोणतीही गोष्ट पाहिली, की ती जमेच्या बाजूला लिहायची की नावेच्या, हा प्रश्न मनात आधी उभा राहतो. निवृत्तीनंतर ही सवय आपोआप सुटेल असे वाटले होते. ती सुटली नाही. गेल्या माघ महिन्यात ठाण्याच्या खाडीवर एक दिवस घालवून आलो आणि तेथेही मनातल्या मनात जमाखर्चच मांडत बसलो. मात्र त्या दिवशी अशी एक नोंद सापडली, की जी मी जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी करावयास हवी होती आणि केली नव्हती. उशिरा का होईना, ती वाचकांसमोर करीत आहे.

आम्ही उभयता पुण्यात राहतो. मुलगा मुलुंडला असतो. नातू सहावीत आहे आणि त्याच्या वाढदिवसाला कोणीतरी दिलेल्या दुर्बिणीने सध्या त्याला पक्ष्यांचा छंद लावला आहे. रविवारी खाडीत जाऊन रोहित पक्षी पाहायचे, असा त्याने हट्ट धरला. ज्याला पुस्तकांत अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतात, तोच हा पक्षी. मुलाने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीची नोंदणी केली. सौभाग्यवतींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही पाचही जण निघालो.

मुलुंडहून ऐरोलीला पुलावरून जायला फार वेळ लागत नाही. हा पूल १९९९ साली झाला. माझ्या वेळी तो नव्हता. १९८५ ते १९८८ या काळात मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका शाखेत कर्ज विभागाचा अधिकारी होतो. ठाण्याहून कळव्यामार्गे बसने रोज ये-जा करीत असे. तीन वर्षे मी या खाडीच्या काठाने प्रवास केला, पण ती कधी पाहिली नाही. बसमध्ये मी वर्तमानपत्र वाचत असे. वास येऊ लागला, की खिडकीची काच खाली ओढून घेत असे. खाडीशी माझा संबंध एवढाच होता.

धक्क्यावर आमची वाट पाहत असलेले नावाडी पंचावन्न-साठीचे, जवळच्याच कोळीवाड्यातले होते. नातवाने त्यांना विचारले, “बोटीची वेळ रोज वेगळी का असते?” ते म्हणाले, “पानी आलं की आपन जायचं, बाळा. पानी आपल्या घड्याळावर चालत नाय.” मग त्यांनी त्याला एक हिशोब शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे ढोबळमानाने मुंबई बंदरातील भरतीची वेळ. त्या दिवशी शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. खाडीत इतक्या आत पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, म्हणून आमची फेरी दहाच्या पुढे. सौभाग्यवती चतुर्दशीचा उपवास करतात, त्यामुळे तिथी त्यांना तोंडपाठ असते. आपली तिथी समुद्रालाही पाळावी लागते, याचे त्यांना कौतुक वाटले. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत उंच चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. चक्रवाढ व्याजाची कोष्टके पाठ असलेल्या मला हा पाऊणकीचा हिशोब इतका आवडला, की मी तो खिशातल्या वहीत उतरवून घेतला.

बोट निघण्यापूर्वी आम्ही काठावरची झाडे पाहिली. खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या या झाडांना सरसकट कांदळवन म्हणतात. पण तिवर वेगळी, चिपी वेगळी, कांदळ वेगळा. ठाण्याच्या खाडीत तिवरच अधिक. तिच्या भोवती चिखलातून बोटभर उंचीचे हजारो खुंट वर आलेले दिसतात. ती तिची श्वास घेणारी मुळे. चिखलात हवा नाही, म्हणून मुळेच हवेत डोके वर काढतात. नातू पान तोडायला गेला तेव्हा आजीने त्याचा हात धरला. नावाडी हसून म्हणाले, “तोडायची गरज नाय. पानावर नुसतं बोट फिरव आन जिभेला लाव.” त्याने तसे केले आणि तोंड वाकडे केले. पान खारट होते. तिवर मुळांवाटे आलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. जेथे दुसरे झाड एक दिवस जगणार नाही, तेथे हे झाड असे मीठ झटकत उभे असते. उधाण आणि वादळ यांचा पहिला मार तेच झेलते आणि त्याच्या मुळांच्या आडोशाने मासळी व कोळंबी यांची पिल्ले वाढतात.

बोट संथपणे निघाली. भौगोलिकदृष्ट्या ही खाडी थोडी विचित्र आहे. उल्हास नदीचे पाणी मुख्यतः वसईच्या बाजूने समुद्राला मिळते. ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने तिचा या खाडीशी संबंध येतो. तेथून मुंबई बंदरापर्यंत सुमारे २६ किलोमीटर ही खाडी पसरली आहे. वरच्या टोकाला निरुंद, खाली रुंद. त्यामुळे वरच्या भागात आलेली घाण समुद्राकडे सहज वाहून जात नाही. ओहोटी जे खाली नेते, त्यातले पुष्कळसे पुढच्या भरतीबरोबर परत वर येते. नावाड्यांनी हे अगदी सहज सांगितले. मी मात्र ते ऐकून गप्प झालो. त्याचे कारण पुढे सांगतो.

पाणी उतरू लागले तसा चिखलाचा काठ उघडा पडू लागला. प्रथम दिसले निवटे. हा बोटभर लांबीचा मासा पाण्याबाहेर चिखलावर परांच्या आधाराने चालतो, उड्या मारतो आणि कातडी ओली असेपर्यंत बाहेर श्वास घेऊ शकतो. त्यांच्या शेजारी लहान लहान खेकडे होते. त्यांतील नरांची एक नांगी शरीराच्या मानाने प्रचंड असते आणि ती वर-खाली हलवीत ते कोणाला तरी बोलावीत असल्यासारखे दिसतात. पाण्याच्या कडेला शेकाटे आपल्या लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळीत उभे होते. वर चोच वळलेले उचाटे, समुद्री बगळे आणि थव्याने उडणारे पाणटिवळे होते. एका खांबावर खंड्या बसला होता. तिवरांच्या आत कोल्हेही राहतात आणि रात्री त्यांची कोल्हेकुई गावात ऐकू येते, असे नावाड्यांनी सांगितले. मुंबईच्या इतक्या जवळ सोनेरी कोल्हा राहतो, यावर नातवाचा विश्वास बसेना.

आणि मग, वळण घेताच, रोहित पक्षी दिसले.

मी आयुष्यात वर्णने फारशी लिहिलेली नाहीत. माझे लेखन म्हणजे कर्जप्रस्तावावरील शिफारशी. तेव्हा एवढेच लिहितो, की समोरचा किनारा गुलाबी होता आणि तो हलत होता. बोटीतील पंधरा-वीस माणसे एकाच वेळी गप्प झाली. नावाड्यांनी इंजिन बंद केले. तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला. दूरच्या बाजारातल्या गलबल्यासारखा, अखंड. मोठा रोहित उंच आणि फिकट, त्याच्या गुलाबी चोचीचे टोक काळे. लहान रोहित अंगाने बुटका, पण रंगाने गडद, आणि त्याची चोचही काळपट लाल. येथे बहुसंख्य लहान रोहितच असतात. साधारण नोव्हेंबरपासून ते येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. काही हंगामांतील गणनेत त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे.

नातवाने विचारले, “ते डोके उलटे का धरतात?” केंद्रातून आलेल्या तरुण मार्गदर्शक मुलीने छान समजावून सांगितले. रोहित पक्षी चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जिभेचा पंपासारखा उपयोग करून पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या आतल्या कडांना बारीक दातऱ्यांची झालर असते. तिच्यात सूक्ष्म शेवाळ अडकते आणि पाणी निघून जाते. त्या शेवाळातील द्रव्यांमुळेच पिसांना गुलाबी रंग येतो.

“म्हणजे ते पाणी गाळून घेतात,” सौभाग्यवती म्हणाल्या. आणि मला माझी आजी आठवली.

माझे बालपण बार्शीला गेले. घरामागे विहीर होती. आजी दुहेरी कापडाच्या गाळण्यातून पाणी गाळीत असे. ही गोष्ट आपल्या घरांत नवी नाही. पण गाळून झाल्यावर ती जे करी, ते मला त्या वेळी निरर्थक वाटे. गाळणे ती उलटे करी, त्यावर गाळलेले पाणी ओती आणि त्यात उतरलेले सूक्ष्म जीव ती कडीच्या भांड्याने पुन्हा त्याच विहिरीत, पाण्याच्या पातळीपर्यंत नेऊन हलकेच सोडीत असे. त्याला ती जिवाणी म्हणे. “दुसऱ्या विहिरीत टाकलेस तर ते जगायचे नाहीत. ज्याचे पाणी त्यालाच परत,” असे ती सांगे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी ती रोज सकाळी ओणवी होत असे आणि मी तिच्याच संस्कारांत वाढलो. मांसमच्छी नाही, कंदमूळ नाही, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणे. माझ्या हातून जीवहिंसा होत नाही, याचा मला मनातून अभिमानही होता.

या अभिमानाचाच हिशोब त्या बोटीत बसल्यावर चुकला.

१९८६-८७ सालची गोष्ट. आमच्या शाखेत दोन खाती होती. एक एका रंगद्रव्यांच्या कारखान्याचे. कॅश क्रेडिटची मोठी मर्यादा, स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या सात तारखेला टेबलावर, व्याज कधी थकलेले नाही. मालक वक्तशीर, मृदुभाषी, शुद्ध शाकाहारी गृहस्थ होते. पांजरपोळाला दरवर्षी देणगी देत. मी साठा तपासायला जाई तेव्हा कारखान्याच्या मागच्या भिंतीखालून एक नाला वाहताना दिसे. कधी निळा, कधी विटकरी. एकदा मी विचारले, “हे पाणी कोठे जाते?” ते म्हणाले, “खाडीत. भरती-ओहोटी घेऊन जाते सगळे.” मी मान डोलावली. पाण्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा कायदा १९७४ पासूनच होता. त्याखालील संमतीपत्राची प्रत फाइलला लावावी लागे. ती लावलेली होती, पण तिची मुदत संपली होती. मी ‘नूतनीकरण अपेक्षित’ असा शेरा मारला, अहवालात ‘कामकाज समाधानकारक’ असे लिहिले आणि मर्यादा वाढविण्याची शिफारस केली. नियमांत बसणारे सर्व काही मी केले. भोपाळची दुर्घटना होऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती; तीही मला आठवली नाही.

दुसरे खाते एका कोळ्याचे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली होडीची दुरुस्ती आणि जाळी यांसाठी दिलेले सहा हजारांचे कर्ज. पहिले वर्ष हप्ते वेळेवर आले. मग थांबले. मी नोटीस पाठवली. पांढरी टोपी, हातात छत्री, एका डोळ्यात मोतीबिंदू असे ते वृद्ध गृहस्थ शाखेत आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, “साहेब, मासळी नाय राहिली. जाल्यात पानी येतं नुसतं, त्ये बी रंगाचं.” मी म्हटले, “बाबा, मासळी मिळो न मिळो, हप्ता भरावा लागतो. कर्ज तुमच्या नावावर आहे.” ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “व्हय. कर्ज माज्या नावावर हाय. खाडी कोनाच्या नावावर हाय, साहेब?”

मला तो प्रश्न गमतीचा वाटला. दुपारच्या चहाला सहकाऱ्यांना सांगून मी हसलोही होतो.

काही महिन्यांनी त्यांनी होडी विकली आणि कर्ज फेडले. बेबाकीचा दाखला घ्यायला ते आले, तेव्हा मी तो स्वतःच्या हाताने लिहून दिला. थकबाकीच्या यादीतून एक नाव कमी झाले, म्हणून मला समाधान वाटले. त्याच वर्षी वसुलीच्या कामाबद्दल विभागीय कार्यालयाकडून प्रशंसापत्रही आले.

दोन्ही खाती एकाच खातेवहीच्या कपाटात होती. दोन्हींवर माझी सही होती. एका खात्यात जमा झालेला नफा हा दुसऱ्या खात्यातील तोटा होता आणि मधला दुवा माझ्या खिडकीबाहेरून वाहत होता. एम.कॉम.ला दुहेरी नोंद पद्धती शिकलेल्या माणसाला ही नोंद जुळवता आली नाही. मी मासा कधी खाल्ला नाही, हे खरे. पण त्या वृद्ध कोळ्याच्या जाळ्याने जन्मभरात जेवढे जीव मारले नसतील, तेवढे माझ्या एका शिफारशीने मारले असतील, हेही तितकेच खरे. त्याला निदान आपण काय करतो ते ठाऊक होते.

बोट परत फिरली तेव्हा मध्येच इंजिन घुरघुरून बंद पडले. पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. नावाड्यांनी वाकून सुरीने ती कापून काढली, पाण्यात न टाकता पायाशी ठेवली आणि म्हणाले, “रोजचंच हाय.” तेवढ्या वेळात मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि आपण येथे बँकेत होतो असे सांगितले. जुन्या दिवसांतल्या खाडीबद्दल विचारले. बोई, जिताडा, कोळंबी, चिंबोरी, कालवे, अशी नावे ते घेत गेले. मासळीची नावे मी इतक्या आदराने पूर्वी कधी ऐकली नव्हती. “आमच्या बापानं होडी सोडली. मग आमी कंपनीत वॉचमन लागलो. ज्या कंपनीचं पानी खाडीत, तिच्याच गेटावर,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मी त्यांना त्या वृद्ध गृहस्थांविषयी विचारले. त्यांनी नाव विचारले. आणि मला नाव आठवेना. कर्जाची रक्कम आठवत होती, हप्ता आठवत होता, दाखल्यावरची माझी सही आठवत होती. नाव आठवत नव्हते. मी टोपी, छत्री आणि मोतीबिंदू एवढेच सांगू शकलो. नावाडी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “काका, असे धा तरी होते.”

जेवण आम्ही केंद्राच्या आवारात सावलीला बसून केले. नातवाने मला विचारले, “आजोबा, आता इतके पक्षी येतात म्हणजे खाडी स्वच्छ झाली ना?” मला ‘हो’ म्हणावेसे वाटले. काही गोष्टी सुधारल्या आहेत हे खरेच. १९९१ साली किनारपट्टीच्या संरक्षणाची अधिसूचना निघाली. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यास मनाई केली. २०१२ साली राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी आहे. २०२२ साली ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातील तिसरी. कारखान्यांच्या सांडपाण्यावर एकत्रित प्रक्रिया करणारी केंद्रेही आली आहेत. माझ्या काळात यांतले काहीच नव्हते.

पण मार्गदर्शक मुलीने सकाळीच एक गोष्ट सांगितली होती आणि ती माझ्या मनातून जात नव्हती. हे पक्षी इतक्या मोठ्या संख्येने येथे दिसू लागले ते १९९० नंतरच्या काळात. अभ्यासकांच्या मते त्याचे एक कारण असे, की शहरांच्या मैलापाण्यातून खाडीत येणाऱ्या द्रव्यांवर शेवाळ अमाप वाढते आणि लहान रोहितांना तेच हवे असते. म्हणजे पक्ष्यांची गर्दी हा खाडीच्या आरोग्याचा दाखला नव्हे. एखाद्या पेढीची उलाढाल वाढलेली दिसते, म्हणून ती नफ्यात आहे असे आपण म्हणत नाही. ताळेबंद उघडून पाहतो. खाडीची उलाढाल गुलाबी आणि मोहक आहे. ताळेबंद तळाच्या चिखलात आहे. मी नातवाला म्हटले, “थोडी सुधारली आहे. स्वच्छ झालेली नाही. पक्षी आले आहेत ते आपल्यावर विश्वास टाकून नव्हे. त्यांना खायला मिळाले म्हणून.” त्याला हे कितपत कळले ठाऊक नाही, पण त्याने वहीत काहीतरी लिहिले.

हे पक्षी येतात कोठून, हेही सांगायला हवे. भारतात त्यांची घरटी करण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे कच्छचे रण. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये येथील काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसवली, तेव्हा ते गुजरातकडे जात असल्याची नोंद मिळाली. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे पूर्वज त्याच कच्छ-काठियावाडातून पोटासाठी मुंबईच्या किनाऱ्याला लागले. ते स्थिरावले, त्यांनी पेढ्या उघडल्या, कारखाने काढले, धर्मशाळा आणि रुग्णालये बांधली. पक्षी मात्र अजून दरवर्षी तसेच ये-जा करतात. आपण आणि ते एकाच वाटेने, एकाच कारणासाठी आलो. फरक इतकाच, की ते पाणी गाळून घेतात तेव्हा त्यांना पोटापुरते मिळते आणि पाणी मागे तसेच राहते.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवणे उरकली. मग मी एक फोन केला.

माझ्या पुतण्याचा कापड रंगविण्याचा छोटा कारखाना आहे. मुलगा कष्टाळू आहे, सचोटीचा आहे. पर्युषणात आठ दिवस कारखाना बंद ठेवतो. मी त्याला विचारले, “अरे, तुझ्या कारखान्याचे पाणी कोठे जाते?” तो हसला. “काका, आज अचानक? सगळ्यांचे जाते तेथेच जाते.” मी म्हटले, “प्रक्रिया केंद्राकडे जाते की नाल्यात?” तो थोडा थांबला. “बहुतेक केंद्राकडेच जाते. पावसाळ्यात, रात्री कधी... मी स्वतः पाहिलेले नाही. आणि काका, रागावू नका, पण आजवर बँकेने मला हे कधी विचारलेले नाही. तुम्ही तरी विचारत होता का?”

“नव्हतो,” मी म्हटले. “एकदा विचारले आणि मिळालेल्या उत्तरावर समाधान मानले. म्हणून आता विचारतो आहे.”

दोन्हीकडे शांतता झाली. मग मी म्हटले, “पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे येतो. कारखान्याच्या मागच्या भिंतीपासून आपण दोघे त्या नाल्याच्या काठाने चालत जाऊ. तो जेथे संपतो तेथपर्यंत. गुडघे दुखतात माझे, पण चालेन सावकाश.”

तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, “या काका. पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन या. ऊन असते.”

फोन ठेवल्यावर मी खिशातली वही काढली. पाऊणकीचा हिशोब लिहिला होता त्याच पानावर, खाली, एक ओळ लिहिली: खाडी कोणाच्या नावावर? समोर उत्तरासाठी जागा सोडली. त्या वृद्ध गृहस्थांचे नाव मला आता कधीच आठवणार नाही. पण त्यांचा प्रश्न माझ्या नावावर थकीत आहे आणि तो बुडीत खात्यात टाकण्याचा अधिकार मला नाही, एवढे मात्र आता कळते.